आजार किती मोठा होता? : अनुभव, मतभेद आणि गावची मृत्यू नोंदवही



कोरोनाची साथ ओसरून आता काही वर्षे झाली. तरीही नांदेड-लातूरकडच्या एखाद्या पारावर, बाजारात किंवा लग्नाच्या मांडवात हा विषय निघाला, की आजही दोन तट पडतात. एक जण म्हणतो, "कोरोना-बिरोना काही नव्हता. साधा सर्दी-ताप होता, भीतीनंच माणसं मेली." दुसरा म्हणतो, "ज्याच्या घरातलं माणूस गेलं, त्याला विचारा." मग आवाज चढतात आणि शेवटी कोणीतरी विषय बदलतो. मला आज तो विषय बदलायचा नाही. माझे म्हणणे असे आहे की हे दोघेही आपापल्या अनुभवाशी प्रामाणिक आहेत आणि तरीही केवळ अनुभवाच्या बळावर या वादाचा निकाल लागणार नाही. आजार किती गंभीर होता हे मोजून ठरते. ते मोजण्याचे साधन आपल्या ग्रामपंचायतीच्या कपाटात आहे आणि ते आपण अजून उघडलेले नाही. नांदेड हे विचारवंत नरहर कुरुंदकरांचे शहर आहे. प्रतिपक्षाची बाजू आधी पुऱ्या ताकदीने मांडायची आणि मगच तिला उत्तर द्यायचे, ही शिस्त या शहराने त्यांच्याकडून शिकली. म्हणून 'काही नव्हतं' म्हणणाऱ्यांपासूनच सुरुवात करतो.

त्यांच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा वैद्यकशास्त्रानेच दिला आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मे-जून २०२० मध्ये देशातील ७० जिल्ह्यांत रक्ताच्या नमुन्यांवरून पहिली पाहणी केली. महाराष्ट्रातील सहा जिल्हे त्यात होते आणि नांदेड त्यांपैकी एक. त्या वेळी देशभरातील प्रौढांत शंभरातल्या एकालाही संसर्ग झालेला नव्हता. जून-जुलै २०२१ च्या चौथ्या पाहणीत हे प्रमाण देशात ६७.६ टक्के आणि महाराष्ट्रात ५८ टक्के निघाले. म्हणजे दुसरी लाट ओसरेपर्यंत राज्यातील निम्म्याहून जास्त लोकांच्या रक्तात या विषाणूची किंवा लसीची खूण होती. यांतील बहुसंख्यांची चाचणी कधी झाली नव्हती. पुष्कळांना आपल्याला काही झाले होते याचा पत्ताही नव्हता. कोणी दोन दिवस अंग दुखले म्हणून गोळी घेतली, कोणी काढा घेतला, कोणी ताप अंगावर काढला आणि तिसऱ्या दिवशी रानात गेला. असा माणूस जेव्हा म्हणतो की हा आजार सौम्य होता, तेव्हा तो खोटे बोलत नाही. बहुतेकांच्या वाट्याला तो सौम्यच आला. या आजाराचा स्वभावच तसा होता. आणि याच स्वभावामुळे त्याची गंभीरता गावाच्या नजरेतून निसटली.

हे कसे घडले ते आकड्यांनी पाहू. दोन हजार वस्तीचे एक गाव घ्या. महाराष्ट्राचा सर्वसाधारण मृत्युदर हजारी साडेपाचच्या आसपास असतो. म्हणजे अशा गावात एरवीही वर्षाकाठी दहा-अकरा माणसे जातात. आता ५८ टक्क्यांची ती खूण संसर्गाचीच धरली तर गावातील साडेअकराशेच्या वर लोकांना संसर्ग झाला. संसर्ग झालेल्या हजारांमागे दोन किंवा तीन मृत्यू धरले, तर त्या गावात दोन, तीन, फार तर चार माणसे जास्त गेली. जिथे अकरा तिरड्या उठायच्या, तिथे चौदा उठल्या. त्यांतले दोघे सत्तरी ओलांडलेले, एकाला साखरेचा त्रास. गाव म्हणणार, "वय झालं होतं." म्हणून "आमच्या गावात काही झालं नाही" हे वाक्य गावापुरते खरे वाटते. पण तोच दर नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांना लावा. २०११ च्या जनगणनेनुसार दोन्हींची लोकसंख्या मिळून ५८ लाखांच्या वर आहे. हजारी दोन म्हटले तरी साडेसहा हजारांच्या वर आणि हजारी तीन म्हटले तर दहा हजारांच्या आसपास मृत्यू होतात. हा माझा अंदाज आहे, मोजणी नाही. सरकारी नोंदीत दोन्ही जिल्ह्यांचे मिळून सुमारे पाच हजार कोरोना-मृत्यू आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत साडेसात हजारांहून अधिक माणसे मारली. त्या आपत्तीच्या गंभीरतेबद्दल इथे कोणी वाद घालत नाही, कारण ते मरण काही क्षणांत, एका पट्ट्यात आणि सर्वांच्या डोळ्यांदेखत आले. तेवढीच माणसे दोन वर्षांत, हजारो गावांत, घराघरांतून एकेक करून गेली, तर कोणत्याही एका डोळ्याला ती आपत्ती दिसत नाही. ती फक्त बेरजेत दिसते.

दुसरी गोष्ट आजाराच्या चालीची. पहिले पाच-सात दिवस ताप, खोकला, अंगदुखी. बहुतेकांचा आजार इथेच संपतो. ज्यांचा संपत नाही, त्यांचा श्वास दुसऱ्या आठवड्यात उतरू लागतो आणि तोही पुष्कळदा गुपचूप. बोटाला लावायच्या यंत्रावर ९४ च्या खाली आकडा गेला की सावध व्हायचे, हे एप्रिल २०२१ मध्ये घराघरांत माहीत झाले. पण अनेकांचा आकडा ऐंशीपर्यंत घसरला तरी ते चालत-बोलत होते. अशा माणसाला आठव्या-दहाव्या दिवशी गाडीत घालून तालुक्याला, तिथून जिल्ह्याला नेले आणि दोन दिवसांत तो गेला, तर घरच्यांना काय दिसले? "चालत गेला होता हो, दवाखान्यात नेला आणि गेला." दवाखान्यात गेलेला माणूस परत येत नाही, एका पेशंटमागे दवाखान्याला दीड लाख मिळतात, किडन्या काढून घेतात, या अफवा याच अनुभवावर पोसल्या गेल्या. आजाराची चाल समजावून सांगणारे कोणी गावात नव्हते, म्हणून दवाखान्याच्या उंबरठ्यावर झालेले मरण दवाखान्याने केलेले मरण वाटले. या अफवांनी मग आणखी माणसांना घरी थांबवले. ती आणखी उशिरा पोचली आणि अफवेला आणखी एक दाखला मिळाला.

तिसरी गोष्ट अंतराची. आजार गंभीर होता की नाही, हा प्रश्न आपण विषाणूचा गुण म्हणून विचारतो. प्रत्यक्षात तेवढाच तो ऑक्सिजनच्या खाटेपासून आपण किती लांब राहतो याचाही प्रश्न होता. नांदेडच्या विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयाजवळ राहणाऱ्याचा कोरोना आणि सव्वाशे किलोमीटरहून दूर किनवटला राहणाऱ्याचा कोरोना एकच नव्हता. लातूर शहरातला आणि जळकोट-देवणीच्या वाडीवरचा एक नव्हता. २०२१ च्या एप्रिल महिन्यात तर शहरातल्यालाही खाट मिळेना. लातूरला लागून असलेल्या अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयातून एकाच रुग्णवाहिकेत बावीस मृतदेह स्मशानात नेले गेले, हे त्याच महिन्यातले. देगलूरचे आमदार रावसाहेब अंतापूरकर त्याच एप्रिलमध्ये कोरोनाने गेले. ज्याला पहिल्या लाटेत खाट, ऑक्सिजन आणि वेळ मिळाला, त्याचा अनुभव एक. ज्याला दुसऱ्या लाटेत तिन्ही मिळाले नाहीत, त्याचा दुसरा. हे दोघे पारावर बसून एकाच आजाराबद्दल वाद घालतात, तेव्हा खरे तर ते दोन वेगळ्या व्यवस्थांबद्दल बोलत असतात.

आता प्रश्न येतो की लोक आजार लपवत का होते. त्याचे उत्तर आपल्या इतिहासात आहे. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला, तेव्हा घरे तपासायला सैनिक घुसले. आजाऱ्याला ओढून छावणीत नेण्याच्या भीतीने लोकांनी आजारी माणसे लपवली. त्या संतापातून २२ जून १८९७ ला प्लेग अधिकारी रँडवर गोळी चालली. त्याच वर्षी झालेला साथरोग कायदा २०२० मध्ये पुन्हा वापरात आला आणि त्याच्याबरोबर जुनी वृत्तीही थोडी परतली. दारावर फलक, गल्लीला बांबू, अख्खे घर उचलून कोविड सेंटरला. रुग्ण हा गुन्हेगार वाटू लागला की घर तोंड मिटते. आपल्याकडे त्यात परकेपणाची भर पडली. एप्रिल २०२० च्या सुरुवातीला निलंग्यात बाहेरून आलेल्या आठ जणांना संसर्ग आढळला. ते परप्रांतीय प्रवासी होते. नांदेडला तख्त सचखंड श्री हुजूर साहिब गुरुद्वाराच्या दर्शनाला आलेले सुमारे चार हजार भाविक टाळेबंदीत अडकले. ते एप्रिलअखेर पंजाबात परतले आणि त्यांच्यातील पुष्कळ जण बाधित निघाले, तेव्हा संसर्ग नांदेडात झाला की वाटेत, यावर दोन राज्यांत आरोप-प्रत्यारोप झाले. आजाराची पहिली ओळख अशी 'कोणी आणला' या प्रश्नातून झाली. मग आपल्या घरात तो आला हे मान्य करणे म्हणजे दोष मान्य करणे ठरले. पुढे २९ मार्च २०२१ ला, नांदेड जिल्ह्यात कडक निर्बंध असताना, होला मोहल्ल्याच्या मिरवणुकीवरून पोलिसांवर हल्ला झाला. त्या हल्ल्याचे समर्थन कोणी करू नये. पण एकीकडे निवडणुकांच्या सभा आणि दुसरीकडे यात्रांना बंदी, हे पाहणाऱ्या माणसाचा 'आजार खराच मोठा असता तर यांनी सभा घेतल्या असत्या का?' हा सवाल मला गैर वाटत नाही. निष्कर्ष चुकीचा आहे, सवाल रास्त आहे.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आक्षेप नेहमीचा: माणसे कोरोनाने मेलीच नाहीत, त्यांना आधीच साखर होती, रक्तदाब होता, हृदय कमजोर होते. याचे उत्तर मृत्यूचे कारण लिहिण्याच्या नमुना ४ मध्येच आहे. त्या कागदाचे दोन भाग असतात. पहिल्या भागात एकाखाली एक ओळी असतात: वरच्या ओळीत मृत्यूचे तात्काळ कारण, खाली ते कशामुळे झाले, त्याखाली ते कशामुळे सुरू झाले. दुसऱ्या भागात शरीरात आधीपासून असलेले, मरणाला हातभार लावणारे आजार. श्वसन निकामी झाले ते न्यूमोनियामुळे, न्यूमोनिया झाला तो कोरोनामुळे. अशी साखळी असेल तर मूळ कारण कोरोना, आणि मधुमेहाची जागा दुसऱ्या भागात. पंधरा वर्षे साखरेची गोळी घेऊन शेत कसणारा माणूस एप्रिलच्या त्या आठवड्यात गेला, तर तो साखरेने गेला असे म्हणता येत नाही. आपली खरी अडचण अशी की हा कागद बहुतेकांच्या वाट्याला येतच नाही. २०२० मध्ये देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरने कारण प्रमाणित केलेले मृत्यू २२.५ टक्के होते. बाकीच्यांच्या नावापुढे 'हृदयक्रिया बंद पडून' किंवा 'वृद्धापकाळ' एवढेच येते. हृदय तर प्रत्येकाचेच शेवटी बंद पडते. ते कारण नव्हे.

म्हणून कारणाच्या वादात न पडता एकूण मृत्यू मोजावेत. हा मार्ग जास्त सरळ आहे. महाराष्ट्रात २०१९ मध्ये ६ लाख ९३ हजारांच्या वर मृत्यू नोंदले गेले आणि २०२० मध्ये ८ लाख ८ हजारांच्या वर. वाढ सुमारे १ लाख १५ हजारांची. त्या वर्षअखेर राज्याचे अधिकृत कोरोना-मृत्यू सुमारे ५० हजार होते. देशात २०१९ मध्ये ७६ लाख, २०२० मध्ये ८१ लाख आणि २०२१ मध्ये १ कोटी २ लाख मृत्यू नोंदले गेले. हा शेवटचा आकडा सरकारनेच मे २०२५ मध्ये प्रसिद्ध केला. २०२१ चे अधिकृत कोरोना-मृत्यू सव्वातीन लाखांच्या आसपास आहेत. यावर दुसरा आक्षेप येतो की नोंदणी सुधारली म्हणून आकडा वाढला. थोडी सुधारणा झाली असेल, लोकसंख्याही वाढली. पण २०१९ मध्येच ९२ टक्के मृत्यूंची नोंद होत होती असे सरकारचे म्हणणे आहे. मग एका वर्षात २१ लाखांची उडी केवळ नोंदणीने कशी भरून निघेल? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० आणि २०२१ मिळून भारतात ४७ लाख जादा मृत्यूंचा अंदाज दिला, भारत सरकारने त्याला हरकत घेतली. तो अंदाज गणिती प्रारूपावर उभा आहे, म्हणून मी त्यावर विसंबत नाही. मला आपल्याच नोंदवह्या पुरेशा वाटतात. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मृतांच्या वारसांना मिळणाऱ्या ५० हजारांच्या मदतीसाठी महाराष्ट्रात २ लाखांहून अधिक अर्ज आले. अधिकृत मृत्यू दीड लाखाच्या आत होते. काही अर्ज दुबार असतील, काही चुकीचे. तरीही एवढी मोठी तफावत विचार करायला लावणारी आहे.

तिसरा आक्षेप उपचारांचा: लूट झाली, नको ती औषधे टोचली. हे बऱ्याच अंशी खरे आहे. रेमडेसिविरसाठी लोकांनी दागिने गहाण ठेवले, काळ्या बाजारात पैसे मोजले. मात्र त्या औषधाने मृत्यू फारसे टळत नाहीत हे जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीतून ऑक्टोबर २०२० मध्येच पुढे आले होते. प्लाझ्माचा उपयोग नाही हे आपल्याच वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीने दाखवले, तरी मे २०२१ पर्यंत त्यासाठी दाते शोधले जात होते. उलट डेक्सामेथासोन हे साधे, स्वस्त औषध ऑक्सिजनवरच्या रुग्णांचे प्राण वाचवते हे जून २०२० मध्ये सिद्ध झाले होते. म्हणजे लोकांचा संशय पूर्ण निराधार नव्हता. पण उपचारात लूट झाली, म्हणून आजार खोटा होता, हे अनुमान निघत नाही. गुदमरणाऱ्या माणसाच्या घरच्यांचीच अशी लूट होऊ शकते. आणि तज्ज्ञांनीही एक गोष्ट मान्य करावी: जे अजून ठरले नव्हते ते त्यांनी ठरल्यासारखे सांगितले, आणि मत बदलले तेव्हा का बदलले ते नीट सांगितले नाही. त्याची किंमत त्यांच्या विश्वासार्हतेला मोजावी लागली.

चौथा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. लोक म्हणतात, कोरोनापेक्षा टाळेबंदीने जास्त मारले. पुण्या-मुंबईहून पायी निघालेले मजूर, बंद पडलेली शाळा, शिक्षण सोडून ऊसतोडीला गेलेली आणि लवकर लग्न लावून दिलेली मुले-मुली, विकले न गेलेले टोमॅटो, बंद बाजार समित्या. हे नुकसान मोठे होते आणि त्याचाही हिशेब व्हायला हवा. पण हा दुसरा हिशेब आहे. उपाय महाग पडला, यावरून दुखणे हलके होते असे ठरत नाही. आजार गंभीर होता आणि त्यावरचे काही उपाय चुकीचे होते, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. आपला वाद अडकला तो इथेच. टाळेबंदीवर रागावलेल्या माणसाला वाटले की आजार मोठा मान्य केला तर टाळेबंदीही मान्य करावी लागेल. घरातले माणूस गमावलेल्याला वाटले की टाळेबंदीवर टीका ऐकून घेतली तर आपल्या दुःखाचा अपमान होईल. दोन हिशेब वेगळे ठेवले तर दोघेही एकमेकांचे ऐकू शकतात.

मोजले नाही तर काय होते, याचा दाखला याच मातीत आहे. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने हिंदुस्थानात सव्वा ते पावणेदोन कोटी माणसे गेली असे अभ्यासक मानतात. नांदेड, लातूर तेव्हा निझामाच्या हैदराबाद संस्थानात होते. १९११ ला संस्थानाची लोकसंख्या सुमारे १ कोटी ३४ लाख होती, १९२१ ला ती १ कोटी २५ लाखांवर आली. दहा वर्षांत वाढायची ती घटली. रोगाबरोबर दुष्काळही त्यात होता. तरी एवढ्या संहाराची आठवण आज मराठवाड्यातल्या किती घरांत आहे? जनगणनेत एक आकडा राहिला, गावाच्या स्मरणात काहीच नाही. शंभर वर्षांनी दुसरी साथ आली तेव्हा आपण पाटी कोरी करून तिच्यापुढे उभे राहिलो. अलीकडचा दाखलाही पाहा: २०२३ च्या ३० सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या ४८ तासांत नांदेडच्या शासकीय रुग्णालयात ३१ मृत्यू झाले, त्यात नवजात बालके होती. औषधांचा आणि मनुष्यबळाचा तुटवडा होता की नाही, यावर तेव्हाही दोन बाजू पडल्याच. साथीत उघड्या पडलेल्या उणिवांचा हिशेब २०२१ मध्येच मांडला असता, तर हा वाद निदान आकड्यांवर झाला असता.

म्हणून माझी विनंती स्पष्ट आहे आणि ती सरकारला नाही, आपल्याला आहे. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यानुसार मृत्यू एकवीस दिवसांत नोंदवावा लागतो आणि खेड्यात ते काम ग्रामसेवकाकडे (आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे) असते. नोंदवहीत २०१७ पासून २०२१ पर्यंत दरवर्षी, दर महिन्याला किती मृत्यू झाले ते मोजा. नावे नकोत, फक्त आकडे. एक सावधगिरी बाळगा: मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते. म्हणजे नांदेडच्या किंवा लातूरच्या रुग्णालयात दगावलेला तुमचा माणूस गावच्या वहीत नसेल. त्यासाठी आशाताईंकडची नोंद आणि शिधापत्रिकेतून कमी झालेली नावे जोडून पाहा. गावातला कोणताही शिक्षक हे काम दोन दिवसांत करू शकेल. मग तो तक्ता ग्रामसभेत वाचून दाखवा. एखाद्या गावात खरोखरच काही जादा घडले नसेल, तर तेही लिहून ठेवा. 'काही नव्हतं' म्हणणाऱ्यांना तेवढा न्याय मिळालाच पाहिजे. आणि जिथे एप्रिल-मे २०२१ च्या रकान्यात आकडा दुप्पट निघेल, तिथे वाद थांबवून पुढच्या साथीत ऑक्सिजन कुठून येणार आणि रुग्णवाहिका किती वेळात पोचणार, हा ठराव त्याच सभेत करा. मी आज जो दर धरून अंदाज केला, तो चूक की बरोबर हे सांगण्याचा अधिकार फक्त तुमच्या गावच्या वहीला आहे. ती उघडा.